कासराभर दिवस

इंग्रजीत 'अंडर्न' नावाचा एक शब्द होता. आता नाही. म्हणजे जाड कोशात तो सापडतो, पण त्याच्यापुढे उभ्या कट्यारीची एक बारीक खूण असते, आणि ती खूण ज्याच्यापुढे असेल तो शब्द मेला असं समजायचं. हे मला मास्तरांनी सांगितलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नाशकातल्या मुलींच्या एका शाळेत सकाळच्या पाळीला शिकवत होते आणि दुपारी मला काही उद्योग नव्हता. रिकामी दुपार मला कधीच सोसली नाही. आता पंचेचाळिशी ओलांडली, तरी सकाळी उठल्यावर दिवसाच्या कामांची यादी केल्याशिवाय मी चूल पेटवत नाही, आणि झोपण्यापूर्वी प्रत्येक ओळीवर रेघ मारल्याशिवाय मला झोप लागत नाही. तीस सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांतल्या सगळ्या याद्या मी केव्हाच बंबात घातल्या. एकच चिठ्ठी ठेवली आहे. ती यादी नाही.

मास्तर आमच्या शेजारी राहत. हायस्कुलात पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. माझ्या वडिलांनाही त्यांनीच शिकवलं होतं. तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांना पूर्वेकडे एक खिडकी होती आणि पश्चिमेकडे परसात उघडणारं दार. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून सकाळी त्यांची वेताची खुर्ची खिडकीशी असे आणि जेवण झाल्यावर ती हळूहळू सरकत परसदाराशी जाई. उजेड जाईल तिकडे मास्तर. त्यांच्या पत्नी, काकू, म्हणत, आमच्या घरात घड्याळ नाही, खुर्ची आहे.

तो जाड कोश त्यांनी देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणला होता. पलटणीतला कुणी साहेब विलायतेला परतायला निघाला की त्याच्या बंगल्यातलं सामान बाजारात येई: पलंग, बशा, घोड्याचं जीन, कधी एखादा पोपटाचा पिंजरा. त्यात हा कोश आला. पुठ्ठा गेलेला, पानांना तंबाखूचा वास. मास्तर तो टांग्यातून मांडीवर घेऊन घरी आले आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी दुसरं काही वाचलं नाही. त्यांना जिवंत शब्दांशी कर्तव्य नव्हतं, ते त्यांनी पस्तीस वर्षं शिकवले होते. ते फक्त कट्यारीची खूण असलेले शब्द उतरवून घेत. त्यांतले जपमाळेच्या मण्यांइतके, एकशे आठ, त्यांनी निवडले, आणि ठरवलं की ह्या प्रत्येकाला मराठीत एक जिवंत शब्द शोधायचा. ज्या घरी शब्द मेला तिथे त्याची गरज संपली असेल, पण ती वस्तू, ती वेळ, ती भावना जगात कुठे तरी असणारच, आणि कुणी तरी तिला काही तरी म्हणत असणारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

"साहेबाच्या शब्दांची श्राद्धं घालतायत," काकू मला सांगत. "पिंडाला कावळा शिवेपर्यंत माझी भाजी निवडून होते."

मास्तर हसत. त्यांना त्या बोलण्याचा राग नव्हता. उलट काही शब्दांना काकूंच्याच तोंडून कावळा शिवला होता. 'ओव्हरमॉरो' म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस. काकू दारावरच्या भाजीवालीला 'परवा ये' म्हणाल्या आणि ती चिठ्ठी तिथेच झाली. इंग्रजांनी इतका कामाचा शब्द मरू कसा दिला, ह्याचं काकूंना मनापासून वाईट वाटलं होतं.

चिठ्ठ्या लिहायला मी होते. माझं अक्षर मास्तरांना त्या डोळ्यांनीही वाचता येई, कारण मी ते फळ्यावर लिहावं तसं मोठं काढत असे. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून आम्ही चिठ्ठ्या करत होतो आणि लिहून झाल्या की एका लाकडी पेटीत टाकत होतो. मास्तर मला चिटणीस म्हणत. कामाचे नियम मात्र चिटणिसाचे नव्हते, त्यांचे होते. शब्द पुस्तकातला घ्यायचा नाही, तोंडातला घ्यायचा. एका शब्दाला दोन साक्षीदार हवेत, आणि ते एकमेकांना ओळखणारे नकोत. आणि सगळ्यांत कठीण नियम असा की विचारायचं नाही. ह्याला तुम्ही काय म्हणता, असं विचारलं की माणूस आपल्याला खूष करायला काही तरी शिकलेलं बोलतो. म्हणून त्या वेळेला त्या जागी जाऊन बसायचं आणि कुणी आपणहून म्हणेल त्याची वाट पाहायची. ऐकलं तरी समोर लिहायचं नाही. घरी येऊन चिठ्ठीवर लिहायचं: शब्द, जागा, बोलणारा काय काम करत होता, बस्स. नावं नाहीत.

मला हे काम स्वभावाविरुद्ध होतं. यादीतलं काम मी उठून करते. इथे उठून काही करायचंच नव्हतं, नुसतं बसायचं होतं. थंडीतल्या उन्हाच्या ऊबेला 'ॲप्रिसिटी' म्हणत म्हणून मी सबंध एक आठवडा तांबट आळीत एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसले होते. हातोड्यांच्या ठोक्यांनी कान बधिर झाले. शेवटी एका म्हाताऱ्या तांबटाला त्याच्या बायकोने आत बोलावलं तेव्हा तो म्हणाला, जरा ऊन खाऊ दे. मी ते ओंजळीत पाणी न्यावं तसं सांभाळत घरी आणलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की बसणं हेही काम असू शकतं. यादीत मात्र मी तसं लिहिलं नाही.

दोन वर्षांत एकशे सात शब्द झाले. राहिला तो 'अंडर्न'.

तो राहिला ह्याचं कारण तो एका जागी ठरत नव्हता. मास्तरांनी त्याची हकीकत मला कितीदा तरी सांगितली, आणि नेहमी दुपारी सांगितली, खुर्ची दाराशी पोचल्यावर. फार पूर्वी, जेव्हा त्यांच्याकडे घड्याळं नव्हती आणि उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या दिवसाचे बारा भाग करत, तेव्हा तिसऱ्या भागाला अंडर्न म्हणत. म्हणजे सकाळी नवाचा सुमार. त्या वेळेला मठांत घंटा होई आणि लोक प्रार्थना म्हणत. मग काहीशे वर्षं गेली आणि शब्द सरकू लागला. कुणी त्याला ऐन मध्यान्ह म्हणू लागलं. आणखी काही पिढ्यांनी तो दुपार ओलांडून पलीकडे उतरला, उन्हं तिरपी होण्याच्या वेळेवर. शहरांतून तो गेला, पण उत्तरेकडच्या खेड्यांत राहिला. तिथे शेवटी वेळही उरली नाही, त्या वेळेला शेतात नेऊन खायची भाकरी उरली. तिलाच लोक ते नाव देत. मग तीही गेली.

"आणि गंमत पाहा," मास्तर म्हणत. "नून म्हणजे मध्यान्ह, हे तू शाळेत शिकवतेस. तो शब्द मुळात तीन वाजताचा. तो तिकडून मागे मागे येत होता आणि हा इकडून पुढे पुढे जात होता. वाटेत कुठे तरी दोघं एकमेकांना भेटले असतील."

मी डोळे मिटले की मला ते दोघे दिसत. नदीवरच्या पुलाच्या ऐन मध्यावर समोरासमोर आलेले दोन म्हातारे. ओळख नाही, पण दोघांनीही एकमेकांना वाट दिली. खाली गोदावरी चकाकते आहे आणि दोघांच्याही सावल्या पायाखाली गोळा झाल्या आहेत. परसातल्या तुळशीवर ऊन पिवळं होत जाई, मास्तरांचा आवाज थांबलेला असे, आणि मी जागी आहे की नाही हे मला सांगता येत नसे. इतक्या वर्षांत माझ्या दुपारी झोपण्याला एवढीच काय ती सबब होती.

सोपी उत्तरं मी सुचवली होती. 'तिसरा प्रहर' पुस्तकी ठरला. काकूंनी चुरमुऱ्यांची ताटली आणून ठेवत 'मधल्या वेळचं' म्हटलं, तेव्हा मला वाटलं सुटलो. शेवटच्या अर्थाला तो शब्द चपखल होता. मास्तरांनी मान हलवली. भाकरीला चालेल, पण सकाळी नवाला कुणी मधली वेळ म्हणेल का? त्यांना एकच शब्द हवा होता, जो सकाळीही बसेल आणि दुपारनंतरही. मी म्हटलं, असा शब्द असूच शकत नाही. ते म्हणाले, इंग्रजांकडे होता की.

माघाच्या सुरुवातीला मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं. दोन आठवड्यांनी यायचं, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांना पट्टी बांधून कित्येक दिवस उताणं पडून राहावं लागे, आणि पट्टी सुटल्यावर दिसेलच अशी हमी नसे. मास्तरांनी त्याबद्दल फक्त एक वाक्य म्हटलं: शेवटची चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पेटीत टाकायची आणि झाकण लावून मग गाडीत बसायचं. काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी घरी येऊन यादी केली. पहिली ओळ: अंडर्न.

मखमलाबादच्या वाटेवर एका माळ्यांच्या मळ्यात मी फुलांच्या निमित्ताने जात असे. शेवंतीचे दिवस होते. पहाटेच बायका खुडायला लागत आणि गाडी बाजाराला जाईपर्यंत वर बघत नसत. घरची कर्ती बाई पन्नाशीची होती. तिला मी मावशी म्हणायची आणि ती मला बाई. मी बांधावर बसून राहते हे तिच्या लक्षात आलं होतं.

"बाई, तुमी फुलं घ्याया येता का आमचं बोलनं घ्याया?" असं तिने एकदा विचारलं होतं, आणि सगळ्या जणी वाफ्यात वाकून हसल्या होत्या.

त्या रविवारी धुकं होतं. शेवंती दिसत नव्हती, नुसता तिचा कडसर वास होता आणि त्यात हलणाऱ्या बायकांच्या पाठी. मग धुकं वरून विरत गेलं आणि पिवळ्या वाफ्यांवर एकदम ऊन पडलं. मावशीने कमरेवर हात ठेवून पूर्वेकडे पाहिलं आणि सुनांवर ओरडली.

"आवरा गं. दिस कासराभर वर आला, न् निम्मा वाफा हाय अजून."

कासरा म्हणजे बैलाचा दोर. जमिनीच्या कडेपासून सूर्य त्या दोराच्या लांबीइतका वर आला, असं ती म्हणत होती. मी हा शब्द लहानपणी ऐकला होता आणि विसरले होते. दोराने मोजायचं, तर ते मावळतीकडूनही मोजता येईल. सकाळी जमिनीपासून दोरभर वर, दुपारनंतर जमिनीपासून दोरभर वर. घड्याळाची वेळ नाहीच ती, सूर्याचं अंतर आहे. तो शब्द सरकत नाही. दिवसच त्याच्याकडे दोनदा येतो.

इथे मी नियम मोडला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मावशी, संध्याकाळी दिवस उतरायला लागला की काय म्हणता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "संध्याकाळला काय म्हनू? संध्याकाळ म्हनते."

विचारू नये ते ह्यासाठी.

मास्तरांनी ती चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली आणि खुर्चीत ताठ बसले. सकाळची बाजू मिळाली होती. आता मावळतीकडची बाजू बोलणारा एक हवा होता, दुसऱ्या गावचा, मावशीला न ओळखणारा. हातात नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत मी जिथे जाता येईल तिथे गेले. पंचवटीत गाड्या सुटतात तिथे बसले. घाटावर बसले. शाळा सुटली की छत्री घेऊन निघायची आणि दिवे लागताना परत यायची. उन्हं उतरली, असं लोक म्हणाले. दिवस कलला म्हणाले. चार वाजले म्हणाले, आणि हे म्हणणारेच जास्त होते, कारण गावातल्या टॉवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. पुढच्या रविवारी मी सायखेड्याला मावशीकडे, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीकडे, जाऊन आले. सर्व्हिस मोटारीने तासाभराची वाट. तिच्या घरामागे गोदावरीच्या काठाला मळे आहेत. तिथेही सबंध दुपार बसले. एक कुत्रं आणि दोन बगळे सोडून माझ्याशेजारी कुणी आलं नाही.

त्या रात्री यादीवर सगळ्या ओळींना रेघा होत्या. मास्तरांच्या धोतरजोडीची, काकूंच्या गाडीतल्या डब्याची, शाळेच्या वह्यांची. एक ओळ मोकळी. शब्द तर खरा होता, ह्याबद्दल मला शंका नव्हती. कुणी तरी, कुठे तरी, रोज दुपारनंतर तो म्हणत असणार. माझ्या कानावर पडला नाही एवढंच. मी एक पाठकोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: सायखेडा, गोदाकाठचा मळा. पाटाच्या पाण्याला दारं धरणारा शेतकरी, साठीचा, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. सुनेला म्हणाला, 'बिगी बिगी चल, दिस कासराभर राह्यला.' मग यादीवर रेघ मारली आणि झोपले. चांगली झोप लागली, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चिठ्ठी दाराच्या उजेडात धरली. भिंग एकेका शब्दावरून सरकत होतं. परसातलं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. त्यांनी तो शब्द नुसता ओठांत म्हटला, दोनदा, जसा लहान मुलाला खडीसाखरेचा खडा तोंडात घोळवावासा वाटतो तसा. मग म्हणाले, "मुंडासं तांबडं होतं?"

मी हो म्हटलं.

"आजवर कुणाच्या मुंडाशाचा रंग लिहिला नाहीस."

मला ती शाबासकी वाटली. पेटी शेजारीच होती, पण त्यांनी चिठ्ठी तिच्यात टाकली नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवली. म्हणाले, परवा गाडी आहे, उद्या तुझी शाळा सुटली की सायखेड्याला जाऊ. एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणतो. काकूंनी विरोध केला, मी त्याहून जास्त केला. धूळ, दगदग, मोटारीचे धक्के, सगळी कारणं मी क्रमाने सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि काकूंना डबा करायला सांगितलं.

मोटारीत ते खिडकीशी बसले. बाहेर हरभऱ्याची शेतं, उसाचे फड, मधूनच मोटेच्या चाकाचा कुरकुर आवाज. त्यांना ते धूसर दिसत असणार, कारण ते विचारत होते, ते पिवळं काय, ते चमकलं ते पाणी का. मी उत्तरं देत होते. प्रत्येक उत्तर खरं होतं.

काठावर एक जुनं उंबराचं झाड होतं. त्याच्या मुळांवर मी सतरंजी अंथरली. नदी रुंद आणि संथ होती. पलीकडच्या तीराला धुणं वाळत घातलेलं दिसत होतं. इथेच ना, असं त्यांनी विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं. मग आम्ही बसलो. पाट आमच्या समोरच होता आणि त्यात पाणीही होतं. खरोखरच एक जण वाफ्यावाफ्याला पाणी वळवत दारं धरत होता. त्याच्या डोक्याला काही नव्हतं. तो तिशीचा होता, एकटा होता, आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मास्तर त्याच्या फावड्याच्या प्रत्येक आवाजाबरोबर मान तिकडे वळवत होते. नियमाप्रमाणे आम्ही दोघंही बोलत नव्हतो. ऊन पाण्यावरून सरकत आमच्या बाजूला आलं. सूर्य पलीकडच्या बाभळींच्या वर अगदी कासराभर राहिला, आणि त्या माणसाने फावडं खांद्यावर घेतलं, पाय धुतले, आणि तो एक शब्द न बोलता निघून गेला.

मास्तर त्याच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले. ते काही विचारणार नव्हते. मला ते कळलं, आणि विचारलं असतं तर मी कदाचित आणखी एक खोटं बोलले असते.

"मास्तर," मी म्हटलं, "इथे कुणीच काही म्हटलं नव्हतं. ते मी लिहिलं."

बगळा उडाला. ते नदीकडे पाहत होते, म्हणजे उजेडाकडे.

"शब्द चांगला लिहिलास," ते म्हणाले. "म्हणूनच वाईट वाटलं."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. मला वाटलं फाडतील किंवा पाण्यात सोडतील. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि जवळ ठेव म्हणाले. मग उंबराला पाठ टेकली. मोटारीला अजून अवकाश होता. आलोच आहोत तर ऐकू, असं पुटपुटले, आणि ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. काकूंच्या डब्यातली भाकरी मी एकटीने मोडली. नदीवर ऊन इतकं मऊ झालं होतं की पाणी वाहतं आहे हेही कळत नव्हतं. मला वाटलं, तो जुना शब्दही असाच कुठल्या तरी काठावर बसला असेल, सकाळपासून उन्हाबरोबर जागा बदलत, आणि शेवटी कुणी उठवायला आलं नसेल. मी रडले, पण आवाज न करता, कारण मास्तर झोपले होते आणि कुणी काही बोललं तर ऐकायला हवं होतं. कुणी बोललं नाही.

परत येताना त्यांनी एवढंच सांगितलं की पेटी उघडी ठेवून जातो. खोट्या साक्षीदाराच्या जागी खरा आण. मी म्हटलं, तुम्हाला ती वाचायची होती. ते म्हणाले, वाचून दाखवशील.

दुसऱ्या दिवशी नाशिक रोडला आम्ही त्यांना गाडीत बसवलं. काकू त्यांच्याशेजारी डबा घट्ट धरून बसल्या होत्या. मी घरी आले, त्यांच्या रिकाम्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. खुर्ची खिडकीशी होती. मी रोज सकाळी खोली झाडायची आणि दुपारी आपणच ती खुर्ची दाराशी सरकवायची, आणि मग छत्री घेऊन बाहेर पडायची. यादीत आता ती ओळ मी लिहीत नव्हते. तिला रेघ मारायची घाई झाली होती, म्हणून तर हे झालं.

शब्द मिळाला तो अगदी मामुली ठिकाणी. पंचवटीच्या बाजूला धान्याच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. मी तिथे घरासाठी पोह्यांचा भाव काढायला गेले होते, ऐकायला नव्हे. मागून कुणी तरी बैलांना पाणी दाखवत होतं, आणि दुसरा कुणी त्याला मुक्काम कर म्हणत होता. तेव्हा पहिला म्हणाला, "नाय, कासराभर दिस हाय अजून. पोचतू." मी वळले तोवर गाडी वळली होती. घोंगडी पांघरलेली एक पाठ दिसली आणि चाकांची धूळ. मी धावत गेले नाही. पोहे न घेताच घरी आले आणि चिठ्ठी लिहिली. तिच्यावर लिहायला फार काही नव्हतंच.

महिन्याभराने मास्तर आले. एका डोळ्याने थोडं दिसू लागलं होतं, दुसऱ्याचा भरवसा नव्हता. हिरव्या कापडाची झडप कपाळावरून खाली आली होती आणि वाचायला सक्त मनाई होती. काकूंनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. दुपार होती, म्हणून खुर्ची दाराशी होती. ती तिथे कुणी ठेवली हे त्यांनी विचारलं नाही, नुसते खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत बसले.

मी चिठ्ठी वाचली. ती एका दमात वाचून झाली.

"कोण होता?"

"गाडीवान असावा. पाठमोरा होता."

"वय?"

"दिसलं नाही."

"मुंडासं?"

"घोंगडी होती डोक्यावरून."

"कुठे निघाला होता?"

"तेही कळलं नाही, मास्तर. एवढंच ऐकू आलं."

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसत असावेत, कारण काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. मग ते म्हणाले, "हो. ऐकणाऱ्याला एवढंच ऐकू येतं." आणि तेव्हा मला कळलं की सायखेड्याची चिठ्ठी त्यांनी वाचल्या क्षणीच ओळखली होती, त्या तांबड्या मुंडाशावरून. काठावर ते शेतकऱ्याची वाट पाहत नव्हते, माझी पाहत होते.

त्यांनी हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती पारखावी तशी चाचपली, मग दुसऱ्या हाताने पेटीचा काठ शोधला आणि ती आत सोडली. झाकण लावताना त्याचा आवाज झाला नाही, इतकं ते जपून लावलं. मास्तरांना ह्या चिठ्ठ्यांचं पुस्तक करायचं होतं, ते पुढे छापून झालं नाही. ती पेटी काकूंच्या मागे माझ्याकडे आली आणि अजून आहे. खोटी चिठ्ठी मी तिच्यात ठेवलेली नाही. ती माझ्या याद्यांच्या वहीत पहिल्या पानाशी असते, आणि एखाद्या ओळीवर न केलेल्या कामाची रेघ मारायला हात शिवशिवला की दिसते.

त्या दुपारी मास्तरांनी झडपेखालून परसाकडे तोंड वळवलं आणि विचारलं, किती दिवस राहिला असेल गं? मी बाहेर पाहिलं. तुळशीवर ऊन पिवळं झालं होतं. उत्तर माझ्या जिभेवर आलं, पण आपल्या तोंडाने म्हणणं चिटणिसाला शोभलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले.

"चार वाजायला आले," काकू आतून म्हणाल्या. "मधल्या वेळचं काय करू? चुरमुरे आहेत."

मास्तर म्हणाले, चुरमुरेच आण.